बत्तीसला बत्तीस

पाटसच्या शिवारात उसाला पाणी द्यायचं तर बऱ्याचदा रात्रीच दारं धरावी लागतात, कारण लाईट तेव्हाच असते. त्यात दौंड-शिरूरच्या उसात बिबट्याचा वावर वाढला. तात्या परवान्याचं रिव्हॉल्वर कमरेला लावून मळ्यात जाऊ लागले. बिबट्यापुढं रिव्हॉल्वरचा उपयोग नाही. मोठी बॅटरी, सोबतीला माणूस आणि मोठ्यानं बोलणं, हीच खरी राखण. पण कमरेला हत्यार असलं की माणसाला धीर वाटतो.

निवडणुकीत ठाण्यात जमा केलेलं हत्यार नुकतंच परत मिळालं होतं. काडतुसं मात्र फार जुनी, पितळेवर हिरवट कीट चढलेली. पुण्याला जायला सवड कुणाला? थोरला बारामतीकडच्या मेहुण्याकडून पाच काडतुसं घेऊन आला. मेहुण्याकडं इशापूरचं ‘अशनी’ पिस्तूल, तात्यांकडं कानपूरचं रिव्हॉल्वर. दोघांच्याही परवान्यावर बोअरच्या रकान्यात आकडा एकच, .32.

“बत्तीसला बत्तीस, तात्या. बघा कसं बसतंय.”

बसत होतं खरं. तात्यांच्या मनाची मात्र खात्री पटेना. सकाळी दोघं बापलेक हवालदार मामांच्या दारात हजर झाले. मामांची सगळी नोकरी दौंडच्या राज्य राखीव पोलीस दलात, हत्यारं सांभाळण्यात गेलेली.

मामांनी नळीचं तोंड भिंतीकडं केलं, रिव्हॉल्वर मोडून उघडलं आणि काडतुसं काढून घेतली. नातीच्या कंपासपेटीतली पट्टी मागवली. एक जुनं आणि एक नवं काडतूस ओट्यावर शेजारी उभं केलं.

“हे रिव्हॉल्वरचं. नुसती पुंगळी मोजा. 23 मिलिमीटर. हे पिस्तुलाचं, 17. गोळीची जाडी सारखी, म्हणून दोन्हींना बत्तीस म्हणतात. आता बुडाची कड बघा.”

जुन्या काडतुसाची कड पुंगळीच्या बाहेर चांगली आलेली होती. नव्याची जेमतेम, बोट फिरवलं तरच कळेल एवढी. रिव्हॉल्वरमध्ये काडतूस त्या कडेवर टेकून राहतं. पिस्तुलात ते एकावर एक रचून मॅगझिनमध्ये भरायचं असतं, म्हणून कड आखूड ठेवलेली. रिव्हॉल्वरचं .32 एस अँड डब्ल्यू लाँग हे काडतूस 1896 चं. पिस्तुलाचं .32 एसीपी हत्यारं घडवणाऱ्या ब्राउनिंगनं 1899 मध्ये बांधलं, तेही स्वतःच्या पिस्तुलासाठी. दोन्हींचा जन्मच वेगळ्या कामासाठी झालेला.

“पण मामा, उडतं का नाही?” थोरल्यानं विचारलं.

“उडेल की! त्याचंच तर भ्या. अडतीसचं काडतूस आत शिरलंच नसतं, त्याचा घोर नाही. हे शिरतंय, उडतंय, म्हणून माणूस फसतो.”

मग त्यांनी सावकाश समजावलं. आखूड पुंगळीतून सुटलेली गोळी चक्रीच्या भोकात मोकळी उडी मारून मगच पुढं जाते. कड पातळ, त्यामुळं पुंगळी मागं आपटायला जागा राहते. आणि पिस्तुलाच्या काडतुसाचा कमाल दाब रिव्हॉल्वरच्या काडतुसापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त धरलेला असतो. पिस्तूल तो दाब मागची सरक ढकलायला वापरतं. रिव्हॉल्वरच्या चक्रीला तो नुसता सोसावा लागतो. एखादं जुनं हत्यार दहा वेळा सोसेल, अकराव्या वेळी मूठ धरणाऱ्या हाताचं काय होईल ते सांगता येत नाही. असाच प्रकार दुसरीकडंही झालाय: अमेरिकेत गेलेल्या कितीतरी ब्रिटिश .455 वेब्ली रिव्हॉल्वरांच्या चक्र्या मागून तासून त्यात .45 चं पिस्तुली काडतूस बसवलं गेलं. त्याचा दाब त्या रिव्हॉल्वरच्या मूळ काडतुसापेक्षा कितीतरी जास्त, आणि असं तासलेलं हत्यार धोक्याचं म्हणून तिथले जाणकार आजही बजावतात.

बोलता बोलता मामांनी नवं काडतूस चक्रीत सोडलं आणि रिव्हॉल्वर पुन्हा मोडून उघडलं. पुंगळ्या उचलणारी चांदणी वर आली, पण त्या आखूड कडेवरून निसटली, आणि काडतूस तिच्याखाली जाऊन अडकलं. मामांना ते काडीनं कोरून काढावं लागलं.

“रात्री उसात असं झालं तर काडी कुठं शोधणार?”

थोरला काही बोलला नाही. मामा मात्र थांबले नव्हते. “आणि ही पाच काडतुसं कुणाच्या परवान्यावरची? परवानाधारक असला तरी दुसऱ्याच्या नावची काडतुसं घरात ठेवता येत नाहीत. 1959 चा शस्त्र कायदा सोयरीक बघत नाही.”

त्याच दुपारी मेहुण्याला पाटसला बोलावून काडतुसं त्याच्या हवाली केली. तात्या परवाना घेऊन पुण्याला गेले आणि दुकानदाराच्या वहीत नोंद करून नवी पेटी घेऊन आले. पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’, म्हणजे आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण.

ज्यांच्या घरी परवान्याचं .32 हत्यार आहे त्यांनी आज एवढं करावं. परवान्यावरच्या आकड्यावर थांबू नये. पेटीवर ‘एस अँड डब्ल्यू लाँग’ छापलंय की ‘एसीपी’, ते वाचावं आणि ते आपल्या हत्यारासाठीच आहे का, हे परवानाधारक दुकानदाराकडून पडताळून घ्यावं.