कुणाची कोण?

२०२४च्या विधानसभा निवडणुकीत कन्नडमध्ये शिवसेनेच्या (शिंदे गट) संजना जाधव निवडून आल्या. दुसऱ्या क्रमांकावर होते त्यांच्यापासून विभक्त झालेले पती हर्षवर्धन जाधव. ते २००९ साली मनसेकडून आणि २०१४ साली शिवसेनेकडून याच मतदारसंघाचे आमदार झाले होते. या वेळी ते अपक्ष होते आणि सुमारे १८ हजार मतांनी हरले.

राजकारण्याची बायको निवडून आली की आपण लगेच म्हणतो, नवऱ्याच्या नावावर आली. इथे तर नवराच समोर उभा होता! मग आपण दुसरं नातं शोधतो: रावसाहेब दानवेंची मुलगी. ते खरंच आहे. पण हेच दानवे त्याच वर्षी जालन्यात लोकसभेला हरले होते. आणि हर्षवर्धन तरी कुठे शून्यातून आले? त्यांचे वडील रायभान जाधवही कन्नडचे आमदार होते. मुलाने गादी चालवली तर तो ‘वारसा’, सुनेने चालवली तर ती ‘कुणाच्या तरी जिवावर’. हा दुटप्पीपणा आपल्या बोलण्यात इतका मुरलाय की तो खटकतही नाही.

शहरातलंच आणखी एक उदाहरण घ्या. अनिता घोडेले आधी महापौर झाल्या, त्यांचे पती नंदकुमार घोडेले नंतर, २०१७ साली. मग कोण कुणाच्या नावावर आलं?

म्हणून ‘ती स्वबळावर आली का?’ हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. निव्वळ स्वबळावर कुणीच येत नाही. जात, पैसा, वडील, पक्ष, यातलं काहीतरी पाठीशी असतंच. श्रीलंकेच्या सिरिमावो बंदरनायके यांच्या पतीची १९५९ साली हत्या झाली, आणि १९६०मध्ये त्या जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. दार नवऱ्याच्या नावाने उघडलं. पुढची सगळी वर्षं मात्र त्यांची होती, चुकांसकट.

याचा अर्थ घराणेशाहीत अन्याय नाही असं नाही. अन्याय आहे, फक्त तो झालाय वेगळ्याच बाईवर. वीस वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचलणारी, बचत गटाच्या बायका सभेला आणणारी, मतदार यादी तोंडपाठ असलेली कार्यकर्ती. तिचा नवरा रिक्षा चालवतो, बाप शेतमजूर होता. तिकीट वाटताना तिचं नाव यादीपर्यंत पोचतच नाही. विधानसभेला २०२४मध्ये महिला आरक्षण नव्हतं. कुणाला उभं करायचं हे पूर्णपणे पक्षाच्या हातात होतं, आणि पक्षांना ओळखीचं आडनाव सुरक्षित वाटतं. तेव्हा जाब विचारायचा तो तिकीट देणाऱ्याला.

जिथे आरक्षण आहे तिथे दुसरी गोची. स्थानिक स्वराज्य संस्थांत महाराष्ट्राने २०११ साली निम्म्या जागा महिलांना दिल्या. तरीही कित्येक गावांत सही सरपंचबाईंची आणि कारभार ‘सरपंचपतीं’चा. बाई नात्याने आली की स्वतः आली, यापेक्षा हा फरक मोठा आहे: निर्णय कोण घेतं?

नावाचा फायदा मिळालेल्या बाईवर एक नैतिक जबाबदारीही येते. तिला दार उघडं मिळालं. मागच्या बाईसाठी ते ती उघडं धरते की आत जाऊन कडी लावते? पाच वर्षांनी तिच्या आजूबाजूला नवऱ्याचे, वडिलांचेच लोक असतील, तर नाव बदललं, सत्ता तिथेच राहिली. ती कार्यकर्ती उमेदवार झाली असेल, तर काहीतरी घडलं.

पुढच्या निवडणुकीत चौकात बॅनर लागेल. वर ‘सौ.’, बाजूला तिच्यापेक्षा मोठा साहेबांचा फोटो. हसून पुढे जाऊ नका. प्रचाराला कुणी दारात आलं तर विचारा: पाण्याची तक्रार असली तर फोन ताई उचलणार की साहेब? आणि तुमच्या वॉर्डातली ती सतरंज्या उचलणारी बाई यादीत का नाही?