मेलेले शेवाळही काढावे लागते



उपवासकाळाच्या चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी आपण योहानाच्या शुभवर्तमानातून बेथेस्दा तळ्याची हकिगत ऐकतो. यरुशलेमेतल्या त्या तळ्याच्या काठी ३८ वर्षे आजारी असलेला एक माणूस पडून होता. प्रभू येशूने त्याला विचारले, की बरे व्हायची तुझी इच्छा आहे का? प्रश्न साधा, पण त्या माणसाने सरळ होकार दिला नाही. मला पाण्यात सोडायला कोणी नाही, अशी तक्रार केली. बंधुभगिनींनो, आपलीही उत्तरे बहुधा अशीच असतात.

आपल्या लोणावळ्यात पाण्याला तोटा नाही. वळवण, तुंगार्ली, भुशी ही धरणे तर आहेतच, पण आता बंगल्या-बंगल्याच्या मागे पोहण्याचा तलाव दिसतो. २०२० च्या टाळेबंदीत असाच एक बंगला बंद पडला, तो पुढेही बंदच राहिला. आपल्या धर्मग्रामातले एक काका तिथे माळीकाम करतात. मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांनी आपल्या तरुणांना तलाव साफ करायला बोलावले. त्यांची नात अंगणात खेळू लागली होती. पाणी इतके हिरवे, की दोन फुटांखालचे काही दिसेना. त्यात मूल पडले तर कळणारही नव्हते. तरुणांबरोबर आम्हीही गेलो.

तलावात कोणी मुद्दाम घाण टाकलेली नव्हती. पंप थांबला, पाणी फिरायचे थांबले. उन्हाने क्लोरीन उडाले. पाने पडली, कुजली, आणि त्यावर शेवाळ पोसले. संत ऑगस्टीन म्हणत, की वाईट ही स्वतंत्र वस्तू नव्हे, तो चांगल्याचा अभाव आहे. सेमिनरीत हे आम्ही पुस्तकातून शिकलो होतो. त्या काठावर ते डोळ्यांनी पाहिले.

मुलांचा पहिला विचार होता, सगळे पाणी उपसून टाकू, घासू आणि नवे भरू. काकांनी अडवले. पावसाळ्यात आपल्याकडची जमीन पाण्याने तुडुंब असते. तलाव रिकामा केला तर खालचे पाणी त्याला वर ढकलते, तळाला तडे जातात. म्हणून आहे त्याच पाण्यात काम करायचे ठरले. आधी जाळीने पाने काढली. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ च्या दरम्यान आणला. मग भिंती ब्रशने घासल्या, कारण बुळबुळीत थराखाली शेवाळ सुरक्षित राहते. ऊन उतरल्यावर क्लोरीनची मोठी मात्रा दिली आणि फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवला.

तिसऱ्या सकाळी हिरवा रंग गेला होता. पाणी दुधाळ दिसत होते. मुले ओरडली, "झालं फादर, संपलं!" काका म्हणाले, "मेलंय फादर. गेलं नाही अजून."

तळाशी करडा गाळ बसला होता. तो तसाच राहिला तर कुजतो, क्लोरीन खाऊन टाकतो आणि पुढच्या शेवाळाला खत होतो. तो न ढवळता, हळूहळू, पाइपने ओढून बाहेर टाकावा लागतो. हेच काम सर्वांत कंटाळवाणे.

काकांचे ते वाक्य आमच्या जिव्हारी लागले. त्याला कारण होते. मागच्या वर्षी सणाच्या दिवशी देवळाचे फाटक वेळेवर उघडले नाही म्हणून आम्ही याच काकांना सर्वांसमोर नको ते बोललो होतो. चूक त्यांची नव्हती, हे नंतर कळले. आम्ही एका धर्मगुरूबंधूंपाशी पापनिवेदन केले. क्षमा मिळाली, मन हलके झाले. पण काकांकडे गेलो नाही. ते मात्र तेव्हापासून शेवटच्या बाकावर बसू लागले होते.

प्रायश्चित्त संस्कारात देव खरोखर क्षमा करतो, यात तिळमात्र शंका नाही. पण ख्रिस्तसभा हेही शिकवते, की क्षमेने पाप जाते, पापाने केलेले सगळे नुकसान आपोआप भरून निघत नाही. चोरलेले परत करायचे, बदनाम केलेल्याचे नाव पुन्हा उजळायचे, दुखावलेल्याकडे जायचे. हे केले नाही, तर तळाचा गाळ पुढच्या पापाला पोसतो. म्हणूनच तीच पापे घेऊन आपण दर वर्षी येतो.

आम्ही तलावाच्या कडेला काकांशेजारी बसलो आणि हात जोडून क्षमा मागितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फादर, पाइप धरा." आम्ही पाइप धरला. दुपारपर्यंत तळाच्या फरश्या दिसू लागल्या.

बेथेस्दाच्या माणसाला प्रभूने एका शब्दाने बरे केले. पण त्याची बाज त्यालाच उचलून चालायला लावले. बरे करणे हे प्रभूचे काम, बाज उचलणे हे आपले.

या उपवासकाळात पापनिवेदनाला अवश्य या. आणि देवळातून घरी जाताना एक घर वाटेत घ्या. ते कोणाचे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुनरुत्थानाच्या रात्री बाप्तिस्म्याची वचने नव्याने देताना आपल्या मनाचा तळ स्वच्छ दिसो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.

आपला धर्मगुरू