शेवटच्या दिवसाची वाट



लांबच्या वाटेवर पहिला दिवस उत्साहाचा असतो व मधले दिवस कष्टाचे. परंतु खरी परीक्षा बहुधा शेवटच्या दिवशी होते. हे आम्हांस एका प्रवासात कळून आले, ते तुम्हांपुढे ठेवितो.

इंग्लंडच्या ईशान्येस नॉर्थम्बरलँड प्रांतात राजा ऑस्वल्ड याच्या नावाची 97 मैलांची पायवाट आहे. हेवनफील्डहून निघून ती समुद्राला मिळते, मग किनाऱ्याने उत्तरेकडे जाऊन बॅम्बरोच्या किल्ल्यावरून लिंडिसफार्न बेटापर्यंत पोहोचते. इ. स. 635 मध्ये या राजाने आयोना बेटावरून एडन नावाच्या उपदेशकास बोलाविले. एडनला तेथील भाषा नीट येत नसे, म्हणून राजा स्वतः त्याचा दुभाषी होई, असे बीड हा इतिहासकार सांगतो. एडन गावोगाव पायीच फिरे. पुढे राजा ऑस्विन याने त्यास घोडा दिला, तोही त्याने एका भिकाऱ्यास देऊन टाकिला.

अशा मनुष्याच्या बेटाकडे आम्ही चाललो होतो. शेवटच्या दिवशी दुपारी बेट डोळ्यांपुढे आले. मध्ये केवळ तीन मैलांची वाळू. पण दिवसातून दोनदा समुद्र ती झाकून टाकितो. आम्ही काठावर आलो तेव्हा ओहोटीची वेळ टळून गेली होती. पायांस फोड आले होते, तरी मन म्हणे, "बेट तर समोरच आहे, झपाझप चालू." आमच्या वृद्ध सोबत्याने भरतीच्या वेळांचा कागद पाहिला व शांतपणे म्हटले, "आज नाही."

आम्हांस राग आला. इतके मैल चालून आल्यावर तीन मैलांसाठी थांबावे! पण थोड्याच वेळात कोरड्या वाळूवर पाणी निमूटपणे पसरले. वाटेत सापडलेल्यांनी चढून बसावे म्हणून शेतातील माळ्यासारख्या उंच खोल्या तेथे उभारिल्या आहेत. त्या कशासाठी, हे तेव्हा आम्हांस उमगले. आम्ही सोबत्याची क्षमा मागितली.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरत असता पायतणे हाती घेऊन निघालो. वाळूत उंच खांबांची रांग रोविलेली आहे. ती सोडून तिरपे जावे असे वाटे, पण बाजूला चिखल पाय ओढून घेई. आमच्या आधी कोणीतरी ही वाट शोधून खांब रोविले होते. बेटावर पाऊल ठेविले तेव्हा विजयाचा गर्व उरला नव्हता. केवळ उपकारस्मरण होते.

बंधूंनो, घर दिसले की बैल ओढ घेतात; पण ओढ्याला पाणी असेल तर शहाणा गाडीवान कासरा आवळतो. कोणी उपदेशक तीस वर्षे सेवा करून म्हणतो, "आता थोडेच उरले." मग सकाळची प्रार्थना चुकते, मंडळीच्या वर्गणीचा हिशेब उद्यावर जातो, भावाशी जुना तंटा तसाच राहतो. त्याला वाटते, आपण आलोच. पण हीच ती तीन मैलांची वाळू होय! अशा वेळी कोणी वडील माणूस "आज नाही" म्हणेल, तर रागावू नका. आणि तरुणांनो, तुमच्या आधीच्यांनी रोविलेले खांब सोडू नका. थांबणे म्हणजे मागे फिरणे नव्हे.

पौलाने आपली धाव पूर्ण झाल्याचे तीमथ्याला कळविले, तेव्हा तो बेड्यांत होता. तरी तो वाटेवरच होता. एडन इ. स. 651 मध्ये बॅम्बरोजवळ मंदिराच्या भिंतीच्या आधारास टेकून मरण पावला. बेट तेथून दूर नव्हते, पण ती वाळू त्याने स्वतःच्या पायांनी ओलांडिली नाही. इतरांनी त्यास तेथे नेऊन पुरिले. यास्तव किती मैल उरले हे मोजीत बसू नका. आजच्या दिवसाची वाट विश्वासाने चाला. पोहोचविणारा प्रभू आहे. आमेन.