ओसरीचं कुलूप

कृष्णाकाठी एक व्यापारी होता. त्याचा वाडा चार पिढ्यांचा, पण पावसागणिक ढासळत चाललेला. तो पुन्हा उभा करायचं त्याने ठरवलं आणि काम एका म्हाताऱ्या गवंड्याला दिलं. दारावर बसवायला घराण्याचं नाव कोरलेली शिळाही करून आणली.

वाड्याच्या ओसरीवर गल्लीतल्या बँडवाल्याचा मुलगा रोज संध्याकाळी सनई घोटत बसे. व्यापाऱ्याने ओसरीला कुलूप घातलं. "आता हे घर नीट होणार. उठसूट कुणीही येऊन बसायचं नाही."

गवंडी काही बोलला नाही. कार्तिकात व्यापारी काशीला निघाला, तेव्हा एवढंच म्हणाला, "शेठ, मलाही न्या. पंचगंगेला लागून बालाजी घाट आहे. तिथला वाडा बघायचाय."

दोघे पंचगंगा घाटावर आले. अहिल्याबाईंचा दगडी हजारा दीपस्तंभ पाहिला, बांबूंवर टांगलेले आकाशदिवे पाहिले. व्यापाऱ्याने नावाड्याला विचारलं, "पेशव्यांचा वाडा कुठला?"

नावाडी गोंधळला.

"पुढे शिंद्यांकडे गेला, तो."

नावाड्याने मान हलवली. मग एकदम उजळून म्हणाला, "अच्छा! बिस्मिल्ला खाँसाहेब रियाज करायचे, ते बालाजी मंदिर? ते काय समोर!"

व्यापाऱ्याला वाटलं, अडाणी आहे. त्याने फुलवालीला विचारलं. तिनेही खाँसाहेबांचंच नाव घेतलं.

वाडा नदीवर उंच उभा होता. त्याचा एक भाग मागे कोसळला होता. जगभरच्या धोक्यातल्या वास्तूंच्या 2012 च्या यादीत त्याचं नाव आलं, मग दुरुस्ती झाली. गवंडी भिंतीपाशी गेला. दगडाच्या सांध्यात नख घालून पाहिलं, तळहात फिरवला. "चुना श्वास घेतो," तो पुटपुटला. "सिमेंट थापलं असतं तर ओल आतच कोंडली असती." आपल्याकडे चुना घाण्यात कसा मळतात, त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर कसा घालतात, हे तो बराच वेळ सांगत राहिला. व्यापाऱ्याचं लक्ष नव्हतं.

"ते खाँसाहेब इथे का यायचे?" त्याने विचारलं.

"लहानपणी मामांनी शिकवलं, अलीबक्षांनी. रियाजाला जागा ही. मुसलमानाचं पोर, बालाजीच्या देवळात तासन्‌तास सनई फुंकायचं. कुणी उठवलं नाही. पुढे 1947 साली लाल किल्ल्यावर वाजवली, 2001 मध्ये भारतरत्न झाले."

व्यापारी पायरीवर बसला. ज्यांनी एवढा वाडा बांधला, त्यांचं नाव त्याच्याच पायथ्याशी कुणाला आठवत नव्हतं. त्यांनी दगड रचले, पण वाड्याला नाव मिळालं ते तिथे बसून घाम गाळणाऱ्या परक्या पोराचं. आणि तेही त्याला कुणी हाकललं नाही म्हणून.

त्याने तिथूनच घरी फोन लावला. "ओसरीचं कुलूप काढा."

पुढे वाडा उभा राहिला. कोरलेली शिळा वाया जाऊ नये म्हणून गवंड्याने ती ओसरीच्या पायरीला लावली, अक्षरं आत करून. बँडवाल्याचा पोरगा अजून बेसूरच वाजवतो. शेजारी तक्रार घेऊन येतात. व्यापारी त्यांना चहा पाजतो आणि परत पाठवतो.