कारागिराचा हात आणि सोल्युशनचा वास

येरवड्याच्या तुरुंगाच्या भिंतीआड कैदी सुतारकाम करतात, कापड विणतात, शिवणकाम करतात. भिंतीबाहेरच्या वस्त्यांत कोणी चपलेचा तळ चिकटवतो, कोणी रिक्षाची सीट मढवतो, कोणी कपाटाला पॉलिश मारतो. सरस, सोल्युशन, थिनर, तारपीन यांचा वास या कामांना चिकटलेलाच असतो आणि काम संपल्यावर तो हातावर घरी येतो. साबणाने दोनदा धुतले तरी जेवायला बसताना घास नाकाशी आला की तो पुन्हा जाणवतो. देवापुढे जोडलेल्या हातांनाही तोच वास. हा मळ आहे की विटाळ? प्रश्न स्वच्छतेचा वाटतो, पण आपल्या समाजात तो फार काळ धर्माचा प्रश्न होता. मळ आणि विटाळ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ करायला वासाइतके सोयीचे दुसरे काही नाही, कारण वास डोळ्यांना दिसत नाही आणि तो नेमका कुठून येतो हे बोट ठेवून दाखवता येत नाही.

वासाचा विचार आपल्या दर्शनांनी बारकाईने केला आहे. वैशेषिकांच्या मते गंध हा फक्त पृथ्वीचा गुण. पाण्याला वास आला तर तो पाण्याचा नसतो, पाण्यात मिसळलेल्या पार्थिव कणांचा असतो. पाणी स्वतः गंधहीन ते गंधहीनच राहते. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने तर्कसंग्रहात हीच मांडणी विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगितली, आणि पुढे कित्येक पिढ्या पाठशाळांतली मुले ती पाठ करत आली. आजचे रसायनशास्त्र पंचमहाभूते मानत नाही, पण इथे त्याचेही उत्तर त्याच दिशेचे आहे. सोल्युशन म्हणजे द्रावकात विरघळवलेले रबर. द्रावक उडून जाते, रबराचा पापुद्रा मागे राहतो, आणि द्रावकाचा थोडा अंश त्वचेच्या तेलकटपणात, नखांच्या कडांत, भेगांत अडकतो. नाकाला जे जाणवते ते टोल्युइनसारख्या पदार्थाचे कण असतात. हाताचा त्यात काही गुण नाही. ज्या परंपरेने पाण्याला इतक्या काटेकोरपणे निर्दोष ठरवले, तिने हाच न्याय हाताला लावायला हवा होता.

यावर कोणी म्हणेल, लावला की. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कारागिराचा हात नित्य शुद्ध म्हटला आहे. खरे आहे, तसे म्हटले आहे. पण त्याच श्लोकात विक्रीला मांडलेला मालही शुद्ध ठरवला आहे, आणि हा शेजार बोलका आहे. चौथ्या अध्यायात ज्यांचे अन्न खाऊ नये त्यांची यादी आहे. तीत सुतार येतो, लोहार येतो, सोनार येतो, चर्मकार येतो, शिवाय कारागीर म्हणूनही सरसकट उल्लेख येतो. म्हणजे तोच हात पाट घडवताना शुद्ध आणि त्या पाटावर भाकरी वाढताना त्याज्य. दोन्ही वचने शेजारी ठेवली की कळते की पहिल्यात कारागिराचा गौरव नाही, गिऱ्हाईकाची सोय आहे. वस्तू घ्यायची, माणूस घ्यायचा नाही, यासाठी शुद्धी वस्तूपुरती दिली गेली.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे आणि सुशिक्षित घरांत तो सर्रास ऐकू येतो: सोवळेओवळे मुळात आरोग्याचे नियम होते, पुढे ते बिघडले. काही नियमांबाबत तसे असेलही. पण आरोग्याच्या नियमाला एक साधी कसोटी लागते. हाताला काय लागले आहे हे तो विचारतो, आणि ते निघाले की गप्प बसतो. मळाला उपाय असतो. वाळलेल्या सोल्युशनवर खोबरेल तेल चोळावे, पापुद्रा सुटू द्यावा, मग बेसन किंवा साबण लावून कोमट पाण्याने धुवावे, नखांना ब्रश फिरवावा. पांढरा फेविकॉल ओला असताना तर नुसत्या पाण्याने जातो. विटाळाला मात्र असा उपाय कधीच नव्हता, कारण तो हाताला लागलेलाच नव्हता. मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर तिथल्या सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. ज्या पाण्याने हात धुवायचे, तेच त्या हातांमुळे बाटल्याचे ठरवले. इथे आरोग्याचा विचार कुठे बसवणार? त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली, आणि पाच वर्षांच्या आत, २४ सप्टेंबर १९३२ रोजी, गांधींचे उपोषण चालू असताना, याच येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला.

येरवड्याचे नाव या प्रश्नाशी आणखी एका बाजूने जोडलेले आहे, आणि तिथे आक्षेप उलट दिशेने येतो. १९३० मध्ये गांधींनी या तुरुंगातून साबरमतीच्या आश्रमाला व्रतांवर पत्रे लिहिली. तुरुंगाला ते मंदिर म्हणत. अस्पृश्यतानिवारण आणि अंगमेहनत ही दोन्ही व्रते त्या पत्रांत आहेत. यावरून एखादा म्हणेल, श्रम हेच व्रत असेल तर श्रमाचा वास हीच उदी, ती पुसायची कशाला? भावना चांगली आहे, पण मला ती मान्य नाही. मैल्याच्या कामाला उदात्त म्हणून ते करणाऱ्याला त्यातच ठेवण्यावर आंबेडकरांनी कठोर टीका केली होती, आणि ती इथेही लागू पडते. गौरवाने वास सुगंध होत नाही. त्यातले काही वास तर विष आहेत. इस्तंबूलमध्ये बेंझिनयुक्त चिकटद्रव्य वापरणाऱ्या चांभारांमध्ये रक्ताचा कर्करोग वाढल्याचे मुझफ्फर आक्सोय या डॉक्टरांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. हेक्झेनच्या वाफेत काम करून जोडे बनवणाऱ्यांच्या हातापायांच्या नसा निकामी झाल्याचे इटलीत आणि जपानमध्ये नोंदले गेले. हात निर्दोष आहे, म्हणूनच त्याला लागलेले विष काढायचे. हात शुद्ध असेल तर धुवायचा कशाला, या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे.

आणि ते काढायची पद्धतही हाताची कदर करणारी हवी. वास जावा म्हणून बहुतेक कारागीर थिनरनेच हात पुसतात. त्याने डाग झटकन निघतो, पण कातडीतले तेल जाते, भेगा पडतात आणि द्रावकाला आत शिरायला वाट मिळते. घाणेरडे दिसू नये या लाजेपोटी माणूस स्वतःलाच इजा करतो. ही लाज विटाळाचीच धाकटी बहीण आहे. ती एकट्या कारागिराने सोडावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, कारण ती त्याने निर्माण केलेली नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४२ व्या कलमाने कामगारांना हात धुण्याची पुरेशी सोय देणे मालकावर बंधनकारक केले. पण दोन-तीन माणसांचे चपलांचे किंवा पॉलिशचे दुकान त्या कायद्याच्या लेखी कारखानाच नव्हते. तिथे नळ दुकानात नसतो, गल्लीच्या टोकाला असतो, आणि थिनरची बाटली हाताशी असते.