दुखत नाही ना? मग राहू दे!

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ८



मागच्या वर्षी महाराजांची पालखी पंढरपूरहून परतली, तेव्हा खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा मी पायी चाललो. वाटेत कुणीतरी हातावर फुटाणे ठेवले. खाता खाता कटकन आवाज आला. खडा! दाढेचा कोपरा तुटला होता. पण दुखलं अजिबात नाही. म्हटलं, महाराजांची कृपा.

पुण्यात परतल्यावरही दुखेना, म्हणून डॉक्टरकडे गेलोच नाही. आई फोनवर दोनदा म्हणाली, "दाखवून ये न रे बाप्पा." मी तिलाच ऐकवलं, "देह नश्वर आहे आई, त्याचे एवढे लाड कशाला?"

मग एका सकाळी हा श्लोक समोर आला. शरीराला त्रास होईल या भीतीने जो कर्तव्य सोडतो, त्याचा त्याग राजस. त्याला त्यागाचं फळ मिळत नाही, असं भगवंत सांगतात. वाचता वाचता जीभ आपोआप त्या दाढेवर गेली. माझं वैराग्य म्हणजे सुईची भीती होती, आणि थोडी बिलाची. त्याच महिन्यात याच नश्वर देहासाठी महागडे बूट घेतले, तेव्हा नश्वरता बरी आठवली नाही!

आता कुणी म्हणेल, श्लोकातलं कर्म म्हणजे विहित कर्म, त्यात दाढ कुठे बसते? ओढाताण आहे, मान्य. पण सतराव्या अध्यायात शरीराच्या तपामध्ये शौचही सांगितलंय. मला तेवढा आधार पुरला.

गेलो. डॉक्टर मॅडमनी समजावलं. दाताच्या वरच्या थरात, म्हणजे इनॅमलमध्ये, नसच नसते. मग तो तुटल्याचं कळवणार कोण? इनॅमल हाडासारखं भरूनही येत नाही. त्याखालच्या डेंटिनमध्ये बारीक नळ्या असतात, त्यातून जंतू आतल्या नसेपर्यंत पोचू शकतात. पुढचं ऐकून मात्र मी गप्प झालो. कधी कधी आतली नस मरते, आणि मग दुखायचं थांबतं. माणसाला वाटतं बरं झालं, आणि मुळाशी पू धरत असतो. माझं फिलिंगवर भागलं. आणखी थांबलो असतो तर रूट कॅनल करावं लागलं असतं. तुमचा दात तुटला तर वाट बघू नका, एकदोन दिवसांत दाखवा.

घरी येताना बसमध्ये एकच गोष्ट डोक्यात. न दुखण्याचे दोन अर्थ होतात, आणि कुठला खरा ते आतून कळत नाही. ऑफिसात पहिल्यांदा खोटं कारण सांगून सुट्टी घेतली, तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. आता छान लागते. त्याला मी मनःशांती समजत होतो.

आणि आईला दिलेलं ते उत्तर? तेही मला दुखलं नव्हतं. तिला दुखलं का, हे मी विचारलंच नव्हतं.

रात्री फोन केला. चुकलो म्हणालो. ती काही बोलली नाही त्यावर. "भाकर चावता येते न आता?" एवढंच विचारलं.

जय गजानन.