कौल नसलेले तरांडे

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनच्या हूथींनी तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे मोटारवाहू जहाज पळवले. ध्वज बहामाचा, चालवणारी कंपनी जपानी, मालकीत एका इस्रायली उद्योजकाचा संबंध आणि जहाज निघालेले तुर्कस्तानातून आपल्या पिपावावकडे. पंचवीस खलाशी जानेवारी २०२५ पर्यंत ओलीस होते. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांतल्या मोटारी समुद्रमार्गेच परदेशी जातात, म्हणून आमच्याकडे या बातमीवर खूप बोलणे झाले. अशाच एका मराठी बैठकीत एका विद्वान मित्राने विचारले, ‘कान्होजी आंग्र्यांनी दुसरे काय केले?’ त्या प्रश्नाचा मला अजून राग आहे. पण ‘ते सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते, चाचे नव्हते’ एवढे सांगून वाद मिटवणाऱ्यांवरही माझा आक्षेप आहे.

आधी रागाचे कारण सांगतो. पोर्तुगीज आपला कार्ताझ, म्हणजे परवाना नसलेले जहाज पकडत, इंग्रज स्वतःचे परवाने देत. मग मराठ्यांच्या सरखेलाने दस्तक मागितले की तेवढीच चाचेगिरी कशी? १७१३ साली मुंबईकर इंग्रजांनी कान्होजींशी तह केला. चाच्याशी कोणी तह करत नाही. पुढचे भांडणही बरेचसे एकाच गोष्टीवरून होते: इंग्रजी निशाण लावलेले जहाज आणि त्यातला माल खरोखर इंग्रजांचा आहे का? डच कायदेपंडित ग्रोशियसने १६०९ साली समुद्र सर्वांना मोकळा असल्याचे लिहिले. पण त्या विचाराची सुरुवात डचांनी १६०३ मध्ये पकडलेल्या ‘सांता कातारिना’ या पोर्तुगीज जहाजाच्या वकिलीतून झाली होती. १९५०च्या दशकात मद्रास विद्यापीठात शिकवणाऱ्या चार्ल्स अलेक्झांड्रोविच यांनी आशियाई राज्यांना एकमेकांशी वागण्याचे स्वतःचे नियम होते हे आग्रहाने मांडले. चेन्नईच्या वेशीवर राहणाऱ्या मराठी माणसाने तरी ते विसरू नये.

ते नियम पाहायचे तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातले आरमाराचे प्रकरण उघडावे. मला ते आपल्या राजनीतीतले सर्वांत सुजाण लेखन वाटते. कौल, म्हणजे अभयाचा परवाना घेतलेल्या सावकाराच्या तरांड्याला, म्हणजे जहाजाला धक्का लावायचा नाही, हे तर आहेच. पण शत्रूच्या मुलखाचे नसलेले, दूर देशीचे तरांडे कौलाशिवाय आढळले तर? तेही एकाएकी धरायचे नाही. त्याला भय न दाखवता दिलासा द्यायचा, बंदरात आणायचे, लाकूड-पाणी, शहाळी-नारळ पुरवायचे, त्याच्याशी व्यापार करायचा. शत्रूच्या मुलखातल्या सावकाराचे तरांडे हाती लागले तर ते बंदरी लावायचे, मालातली काडीही इकडेतिकडे होऊ द्यायची नाही, आणि हुजुरास लिहून आज्ञा येईल तसे वागायचे. शेवटचे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. जहाज धरणारा एक आणि निवाडा करणारा दुसरा. युद्धात नसलेल्या व्यापाऱ्याला ध्वजापेक्षा आणि कागदापेक्षा या फरकाचा आधार मोठा.

इथे माझी स्वतःची बाजू डळमळते. कान्होजींचे आरमार बऱ्याच अंशी दस्तकांवर आणि जप्तीवर पोसले जात होते. ज्याच्या खलाशांचा पगार जप्तीतून निघतो, त्याच्याच हाती निवाडा असेल तर सुरतेच्या सावकाराने दाद कोणाकडे मागायची? सार्वभौमत्वाने हा प्रश्न सुटत नाही. इंग्रजांनीही तो सोडवला नव्हता. १७४८ साली ब्रिटिश आरमाराने आर्मेनियन व्यापाऱ्यांचा माल असलेले ‘सांता कॅथरिना’ जहाज हिंदी महासागरात पकडले. खटला लंडनला गेला, जहाजावरची पत्रे पुरावा म्हणून जप्त झाली आणि अजून तिथल्या दप्तरात आहेत. न्यायालय होते, हे कबूल. पण तेही पकडणाऱ्यांच्याच राजाचे. आणि १७५६ मध्ये आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतल्यावर वॉटसन-क्लाइव्ह या इंग्रज सेनानींच्या माणसांनी लूट आपसांत वाटून घेतली; ज्या पेशव्यांच्या बाजूने ते लढायला आले होते, त्यांना त्यातले काही दिले नाही.

म्हणून माझ्या मित्राला माझे म्हणणे असे: कान्होजींना हूथींच्या शेजारी बसवू नका, त्यांना अमात्यांच्या कसोटीवर घासा. आणि गौरवग्रंथ लिहिणाऱ्यांनी आता गुराबांसारख्या लढाऊ जहाजांची आणि तोफांची मोजदाद थोडी बाजूला ठेवावी. गोव्याच्या पुराभिलेखागारात कार्ताझांच्या नोंदवह्या आहेत. जहाज कोणाचे, जाणार कोणत्या बंदरी, हे त्यांतून कळते. मुंबईच्या दप्तरात इंग्रजांच्या तक्रारी आहेत. मराठी आरमाराच्या पुढच्या इतिहासात त्या जहाजमालकांचे आणि तांडेलांचे एक पूर्ण प्रकरण मला हवे आहे.